उजवीकडे नर, डावीकडे मादी

कोलंबियातल्या मनिझालेस शहराजवळ ग्रीन हनीक्रीपर जातीचा एक पक्षी दिसला होता. या जातीत नर निळा आणि मादी हिरवी. हा पक्षी मात्र उजव्या अंगाने निळा होता आणि डाव्या अंगाने हिरवा. 2023 मध्ये त्याच्यावर शोधनिबंध आला आणि छायाचित्रं जगभर फिरली. असं काही दिसलं की कुणी त्याला अवतार ठरवतं, कुणी 'एआयने बनवलंय' म्हणून मोकळं होतं. दोघांनाही चौकशी करायची नसते.

शास्त्रीय भाषेत हा गायनँड्रोमॉर्फ. गांडूळ उभयलिंगी असतं, पण ती त्याची नेहमीची रीत आहे. इथे एकाच शरीरात नराच्या आणि मादीच्या अशा दोन प्रकारच्या पेशी नांदत असतात.

हे घडतं कसं? लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी माणसात एक्सएक्स म्हणजे स्त्री, एक्सवाय म्हणजे पुरुष. पक्ष्यांत नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू, म्हणजे पिल्लाचं लिंग आईच्या अंडपेशीवर ठरतं. अंडपेशी तयार होताना गुणसूत्रं निम्मी होतात. एक वाटा अंडपेशीच्या केंद्रकात राहतो, दुसरा ध्रुवपिंड नावाच्या इवल्याशा पुडीत बांधून बाजूला टाकला जातो. एकात झेड गेलं तर दुसऱ्यात डब्ल्यू. क्वचित हा टाकाऊ वाटा टाकलाच जात नाही आणि अंडपेशीत दोन केंद्रकं उरतात. त्यातून पक्ष्यांच्या अंडपेशीत एकाच वेळी अनेक शुक्रपेशी शिरणं नेहमीचंच. प्रत्येक शुक्रपेशी झेड घेऊन येते. दोन्ही केंद्रकांचं वेगवेगळं फलन झालं, की एक झेडझेड आणि दुसरं झेडडब्ल्यू. पुढे दोन्हींचे वंशज शरीराची एकेक बाजू घडवतात. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण ते हेच.

पण रक्त तर दोन्ही बाजूंना एकच वाहतं, हार्मोनही तेच. मग रंग मिसळत का नाहीत? मला या विषयाची गोडी लागली ती या प्रश्नामुळे. डॉली मेंढी जिथे जन्मली त्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी अशा तीन कोंबड्या तपासल्या आणि 2010 मध्ये दाखवून दिलं, की पक्ष्यांत आपण नर की मादी हे बऱ्याच अंशी प्रत्येक पेशी स्वतःच जाणते. एकच हार्मोन दोन्हीकडे पोचलं तरी झेडझेड पेशी त्याला नरासारखी उत्तर देते, झेडडब्ल्यू मादीसारखी. त्याआधी 2003 मध्ये अशाच एका झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूत, गाण्याशी संबंधित भाग नराच्या बाजूला मोठा आढळला होता. सस्तन प्राण्यांत हार्मोनचा अंमल फार मोठा, म्हणून अर्धा सिंह अर्धी सिंहीण असा प्राणी दिसत नाही.

आणखी एक गंमत: बहुतेक पक्षिणींत फक्त डावा अंडाशय काम करतो. त्यामुळे डावी बाजू मादीची असलेला असा पक्षी, निदान तत्त्वतः, अंडी घालू शकतो. उजवी मादीची असेल तर ती शक्यता जवळजवळ संपतेच.