पेस्ट केलेली कमांड अडते कुठे: ‘सेड’च्या ‘हायफन आय’ची पार्श्वभूमी

डॉक्युमेंटेशनमधून उचलून पेस्ट केलेली कमांड एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर अडते. याचे मूळ जुने आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शाखा फुटल्या तेव्हाच मजकूर पडद्यावर छापणाऱ्या ‘इको’ कमांडची दोन घराणी झाली. बर्कलेच्या शाखेत ‘हायफन एन’ हा पर्याय दिला की शेवटी नवी ओळ सुरू होत नाही, सिस्टिम फाइव्हच्या शाखेत तो ‘हायफन एन’च पडद्यावर छापला जातो. युनिक्ससारख्या सिस्टिमचे मानक असलेल्या पॉसिक्सने निवाडा टाळून ‘प्रिंटएफ’ ही दुसरी कमांड सुचवली. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

खरा घोळ मजकुरात बदल करणाऱ्या ‘सेड’ या कमांडचा. फाइल जागच्या जागी बदलणारा ‘हायफन आय’ हा पर्याय पॉसिक्समध्ये कधीच नव्हता, 2024 च्या आवृत्तीतही आलेला नाही. लिनक्सवर चालणाऱ्या ग्नूच्या सेडने पर्ल या भाषेच्या रीतीने बॅकअपचे एक्स्टेन्शन ऐच्छिक ठेवले आणि ते पर्यायाला चिकटून लिहायला लावले. बर्कले घराण्यातल्या फ्रीबीएसडीने ते सक्तीचे केले, मॅकओएसने तेच उचलले. दोष नेहमी मॅकला दिला जातो. पण पर्यायाचे आर्ग्युमेंट ऐच्छिक नसावे, ही शिफारस पॉसिक्सचीच आहे.

परिणाम असा, की लिनक्सवरची कमांड मॅकवर पेस्ट केली तर बदलाची सूचना एक्स्टेन्शन ठरते आणि फाइलचे नाव स्क्रिप्ट म्हणून वाचले जाते. एरर येते तीही भलतीच. उलट, मॅकसाठीची रिकामी अवतरणचिन्हे लिनक्सवर रिकामी स्क्रिप्ट ठरतात, आणि बदलाची सूचना फाइल समजून शोधली जाते. ‘हायफन आय’पुढे ‘हायफन ई’ लिहिणे सगळ्यांत फसवे: मॅकवर बदल होतो, एरर येत नाही, पण नावाला ‘हायफन ई’ जोडलेली जुनी प्रत मागे राहते आणि कोडच्या पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदीत, शिरते. दोन्हीकडे चालते ते ‘हायफन आय’ला ‘डॉट बॅक’ चिकटवणे. काम झाले की ती प्रत पुसायची. आउटपुट त्याच फाइलकडे वळवू नका, सेडने वाचण्याआधीच शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, ती रिकामी करते.

घोळ शेलचाही आहे. 2006 मध्ये उबुंटू या लिनक्सने ‘एसएच’ या नावामागे बॅश या शेलऐवजी डॅश हे शेल बसवले आणि बॅशमधल्या दुहेरी चौकटी कंसांची उदाहरणे मोडली. 2019 च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकचे नेहमीचे शेल झेडएसएच झाले. तिथे मूळ सेटिंगमध्ये पेस्ट केलेली, हॅशने सुरू होणारी टिप्पणीही कमांड समजली जाते. मॅकसोबत येणारा बॅश 3.2 वरच थांबलाय, त्यामुळे 4.0 मधले असोसिएटिव्ह ॲरे (नावाने शोधता येणाऱ्या याद्या) तिथे नाहीत. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये तर बॅशच नसतो. तिथला, बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचातला सेड ‘हायफन आय’ ग्नूसारखा घेतो, पण मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’चा पर्ल-पद्धतीचे पॅटर्न चालवणारा मोठा ‘पी’ हा पर्याय ना बिझीबॉक्सकडे, ना मॅककडे. उदाहरणात त्याऐवजी मोठा ‘ई’ वापरावा आणि अंकांसाठी ‘बॅकस्लॅश डी’ऐवजी चौकटी कंसात शून्य ते नऊ लिहावे.