हँडबॉलचा शोध १९७० च्या मध्यंतरात लागला नव्हता

ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. २६ सप्टेंबर १९७०, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, व्हीएफएलची (व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची) ग्रँड फायनल, १,२१,६९६ प्रेक्षक. मध्यंतराला कार्लटन क्लब कॉलिंगवूड क्लबच्या ४४ गुणांनी मागे. कार्लटनचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी फर्मावलं, ‘हँडबॉल करा’, म्हणजे चेंडू लाथेनं न मारता मुठीनं ठोसून साथीदाराकडे द्या, आणि त्याच क्षणी आधुनिक फुटबॉल जन्माला आला!

बरासींचा आदेश खराच. कार्लटन १११-१०१ असं जिंकलं, हेही खरं. पण एका तळहातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं तो ठोसायची ही कला तोवर चांगली मुरलेली होती. जिलाँग क्लबचे खेळाडू पॉली फार्मर यांनी तिचं हत्यार केलं होतं आणि जिलाँगनं १९६३ चं अजिंक्यपदही मिळवलं होतं. फित्झरॉय क्लबचे प्रशिक्षक लेन स्मिथ तर त्याआधीपासून वेगवान खेळाचा आग्रह धरत होते. या दोघांचं श्रेय असं पुसलं जाणं मला खरंच खटकतं.

शिवाय धावफलक पाहा. गोलला ६ गुण, थोडक्यात हुकलेल्या फटक्याला, म्हणजे बिहाइंडला, १. पूर्वार्धात कॉलिंगवूडचे १० गोल आणि तब्बल १३ बिहाइंड! तिथंच सामना संपवता आला असता. उलट तिसऱ्या सत्रात कार्लटनचे ८ गोल, एकही बिहाइंड नाही. मध्यंतरानंतर मैदानात उतरलेल्या टेड हॉपकिन्सनं एकट्यानं ४ गोल केले.

आणि त्याच सामन्यातला कार्लटनच्या जेसौलेंकोचा तो प्रसिद्ध उंच झेल? तोही पुनरागमनातला नव्हे. तो दुसऱ्या सत्रातला, कार्लटन मार खात असतानाचा.