गाठीची रसद तोडताना

‘साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.’ फॅमिली ग्रुपवर हा मेसेज परवा पुन्हा फिरत आला. तो तद्दन खोटा आहे. गोड सोडलं तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडतच राहतं. गाठीचं काही बिघडत नाही, केमो चालू असलेली बाई मात्र खंगते.

गाठीची रसद खरोखर तोडता येते, पण वेगळ्या जागी. मोहरीएवढी होईपर्यंत गाठ शेजारच्या केशवाहिन्यांतून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर भागवते. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे मधल्या पेशी गुदमरू लागतात आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर जाऊन चिकटलं, की वाहिनीला कोंब फुटतो आणि तो गाठीच्या दिशेने वाढत जातो. गाठीला रक्तपुरवठा लागतो, तो तोडला तर ती रोखता येईल, हे अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्येच मांडलं होतं.

पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये याला आणखी एक पदर आहे. बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी एचपीव्ही विषाणू असतो. त्याचं ई6 हे प्रथिन पेशीतल्या पी53 या राखणदाराची विल्हेवाट लावतं, ई7 हे पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या आरबी या प्रथिनाला निकामी करतं. पी53 एरवी व्हीईजीएफलाही आवर घालत असतं. राखणदार गेला, की वाहिन्यांना रान मोकळं.

बेव्हॅसिझुमॅब ही अँटिबॉडी व्हीईजीएफला वाटेतच धरते. जीओजी 240 या चाचणीत आजार पसरलेल्या किंवा उलटलेल्या 452 स्त्रिया होत्या. 2014 साली निकाल आला: नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य 13.3 महिने, बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर 17. मध्यक म्हणजे निम्म्या स्त्रिया त्याहून जास्त जगल्या. तो आकडा कुणा एकीच्या कपाळावर लिहिलेला नसतो.

किंमतही आहे. जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात. औषध घेतलेल्यांपैकी 15 टक्के स्त्रियांना योनी आणि आतडं किंवा मूत्राशय यांच्यामध्ये आरपार छिद्र पडण्यासारखा त्रास झाला. नुसत्या केमोवर हे प्रमाण 1 टक्का होतं. हा त्रास झालेल्या सगळ्यांना आधी रेडिएशन झालेलं होतं. शी-लघवी योनीतून येऊ लागणं म्हणजे काय, हे पहिली सलाईन लावण्याआधी बाईला स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

पुढे पेंब्रोलिझुमॅब आलं. ते रोगप्रतिकारक पेशींवरचा ब्रेक सोडवतं. कीनोट-826 या चाचणीत 617 स्त्रियांना केमो होती, बऱ्याच जणींना बेव्हॅसिझुमॅबही. त्यात हे जोडल्यावर मध्यक आयुष्य 16.8 वरून 26.4 महिन्यांवर गेला. उलटलेल्या आजारात ही फार मोठी झेप आहे, पण औषध इतकं महाग, की आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर.

फायदा मुख्यतः ज्यांच्या गाठीत पीडी-एल1, म्हणजे तो ब्रेक दाबणारं प्रथिन, सापडतं त्यांना होतो. ती तपासणी बायोप्सीचा तुकडा मेणात जपून ठेवलेल्या ब्लॉकवर होते. हॉस्पिटल बदलताना फाइलबरोबर तो ब्लॉकही मागून घ्या.