रोशा तेलाचा उतारा आणि त्यातील घट

रोशा किंवा तिखाडी हे गवती चहाच्या प्रजातीतले सुगंधी गवत. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. फुलोऱ्यावर आलेल्या या गवतातून वाफेच्या साहाय्याने जे तेल काढतात ते रोशा तेल. व्यापारात त्याला पामारोझा म्हणतात. गुलाबासारखा वास त्यातील जिरॅनिऑल या घटकामुळे येतो. गवताचे दोन प्रकार आहेत. मोतिया प्रकार निचऱ्याच्या कोरड्या उतारावर विरळ ठोंबांनी वाढतो आणि त्याच्या तेलात जिरॅनिऑल ७५ ते ९० टक्के असते. सोफिया प्रकार ओलसर, सखल जागी दाट वाढतो. त्याच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी आणि वासही रांगडा असतो. दोन्ही गवते एकाच भट्टीत पडली, तर तेलाचे वजन भरते पण भाव पडतो.

मेळघाटचे डोंगर आणि त्यांना लागून असलेला बैतूल, निमाड व खानदेशचा पट्टा हे या गवताचे जुने घर. पावसाळा सरला की नाल्याकाठी भट्ट्या लागत. लोखंडी भांड्यात गवत व पाणी भरून खाली जाळ करायचा, झाकण लिंपून घ्यायचे, बांबूच्या नळीतून वाफ वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायची, एवढीच सामग्री. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरत. आपल्या डोंगरातले हे तेल जगाच्या बाजारात कित्येक वर्षे ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या परक्या नावाने ओळखले गेले, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

आता हे गवत कोरडवाहू वावरातही लावतात. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे त्याच्या वाट्याला फारशी जात नाहीत, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला मोठेच कारण. औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप या संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे वाण आणि शेतावर बसवता येणारी ऊर्ध्वपातनाची सुधारित यंत्रे दिली. टाकीत जाळीवर गवत, खालून किंवा वेगळ्या बॉयलरमधून वाफ, पुढे वाफ थंड करून तिचे पाणी करणारा कंडेन्सर आणि शेवटी तेल-पाणी वेगळे करणारे भांडे, अशी आजची मांडणी असते.

चांगल्या मोतिया गवताच्या १०० किलो ताज्या वजनातून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम तेल निघते. म्हणजे टनाला ४ ते ५ किलो. हाती दोनच किलो आले की पहिला संशय यंत्रावर जातो. यंत्र बिघडलेले असूही शकते. पण गवतात जेवढे तेल आहे त्यापेक्षा जास्त कोणतीही टाकी देणार नाही. म्हणून घट वावरात झाली, गंजीत झाली, टाकीत झाली की पाण्यात वाहून गेली, हे आधी ठरवावे लागते.

त्याआधी हिशेब सरळ हवा. १००० किलो ताज्या गवतातून साडेचार किलो तेल निघाले, तर उतारा, म्हणजे गवताच्या वजनात तेलाचे प्रमाण, ०.४५ टक्के. तेच गवत दिवसभर सुकवून ७०० किलो झाल्यावर तोलले आणि तेल तेवढेच निघाले, तर कागदावर उतारा ०.६४ टक्के दिसतो. तेल वाढलेले नाही, फक्त पाणी उडाले आहे. दोन शेतकऱ्यांच्या उताऱ्यांची तुलना करताना हा घोळ हटकून होतो. एकरी किती तेल आले, हे पाहणे अधिक खरे.

तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते, त्याखालोखाल पानांत, दांड्यात नावालाच. फुले उमलून दाणा धरू लागेपर्यंतचा काळ कापणीला योग्य. फुलोरा निघण्याआधी कापले किंवा सोयाबीन-कापसाच्या धांदलीत बी वाळून झडेपर्यंत ठेवले, तर दोन्हीकडे नुकसान. जमिनीलगत कापलेल्या गवतात दांडे जास्त येतात. ते टाकीतली जागा खातात, वाफ खातात आणि देत काहीच नाहीत. गाजरगवतही असेच फुकटचे वजन. म्हणून १० ते १५ सेंटिमीटर सोडून कापावे. लागवडीला चारेक वर्षे झाली की ठोंब थकतात आणि उत्पन्न उतरते. तिथे भट्टीची दुरुस्ती करून काही साधत नाही.

कापलेले गवत सावलीत पातळ पसरून मलूल होऊ द्यावे. कडक उन्हात टाकले तर तेल उडते. ओल्या गवताची उंच गंजी केली तर ती आतून तापते, कुजू लागते, आणि तिचा वास बदलला की समजावे, तेल गेले. पावसात किंवा दाट दवात कापलेले गवत थेट टाकीत भरले, तर सुरुवातीची बरीच वाफ ते पाणी तापवण्यातच खर्ची पडते.

टाकीतला सर्वांत मोठा दोष म्हणजे वाफेने पळवाट काढणे. गवत एकीकडे दाबलेले आणि दुसरीकडे सैल असेल, तर वाफ सैल भागातून, बहुधा कडेने, सरळ वर निघून जाते. मधला भाग कोराच राहतो. याची परीक्षा सोपी आहे: टाकी उघडल्यावर मधल्या थरातले गवत ओढून काढावे. ते हिरवट असेल आणि चुरगळल्यावर गुलाबाचा वास येत असेल, तर तेल तिथेच राहिले. थर देत, कडा नीट तुडवत, सगळीकडे सारखे भरणे हाच त्यावर उपाय. लांब गवत दोन-तीन तुकडे करून भरले तर हे काम सोपे जाते.

जाळाचा अंदाजही महत्त्वाचा. सुरुवातीला वाफ मंद असेल तर ती थंड गवतावर पाणी होऊन खाली ठिबकते आणि सुटलेले तेल तळाच्या पाण्यात परत नेते. एकदम जोराची वाफ सोडली तर ती गवत फोडून वाट करते आणि कंडेन्सरला आवरत नाही. झाकणाच्या कडेने वास येत असेल तर गॅस्केट किंवा वाफ अडवण्यासाठी कडेच्या खाचेत भरलेल्या पाण्याचा बंद तपासावा. भट्टीवर उभे राहून गुलाबाचा छान वास येतो तेव्हा शेतकऱ्याचे पैसे हवेत जात असतात.

कंडेन्सरकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि विदर्भात निम्मे दुखणे तिथेच असते. बाहेर पडणारे पाणी हाताला गरम लागले आणि दुधासारखे पांढुरके दिसले, तर तेल नीट सुटलेले नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कंडेन्सर थंड ठेवणारे हौदातले पाणी दुपारपर्यंत तापते आणि सकाळी चांगली चाललेली भट्टी दुपारी कमी तेल देते. ओलिताच्या गवताची उन्हाळी कापणी असेल, तर पहिली टाकी पहाटे लावावी आणि हौद मोठा ठेवावा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण. तिथल्या क्षारयुक्त पाण्याने बॉयलरमध्ये आणि कंडेन्सरच्या नळ्यांत थर बसतो. मग पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) दुप्पट जाळूनही वाफ अपुरी आणि थंडावा अपुरा. नळ्या वेळोवेळी साफ कराव्यात, आणि बॉयलरला शक्य असल्यास साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

रोशा तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते, पण जिरॅनिऑल पाण्यात थोडे विरघळते. तेल काढून झाल्यावर ते पाणी नालीत सोडणे म्हणजे दर टाकीमागे थोडे तेल सोडणे. तेच पाणी पुढच्या टाकीच्या तळाशी परत घातले, तर विरघळलेले तेल पुन्हा वाफेबरोबर वर येते. तेल-पाण्याचे भांडे लहान असेल तर थेंबांना वर यायला वेळ मिळत नाही, म्हणून भांडे ऐसपैस हवे.

घट कुठे आहे हे शोधायची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे दर अर्ध्या तासाला तेल वेगळे काढून मोजणे. बहुतेक तेल पहिल्या दीड-दोन तासांत यायला हवे. चार तास थोडे थोडे सारखेच येत राहिले, तर वाफ कमी पडते आहे. लवकर येऊन थांबले, एकूण कमी भरले आणि मधले गवतही पूर्ण शिजलेले निघाले, तर दोष वावरात किंवा गंजीत शोधावा. शेवटच्या अर्ध्या तासाच्या तेलाची किंमत त्या वेळात जाळलेल्या सरपणाइतकीच भरू लागली की जाळ ओढून घ्यावा; पिळून निघालेले गवत वाळवले की पुढच्या टाकीला तेच सरपण होते.