क्रीडाछायाचित्रणातील अखंड ऑटोफोकस

पळणाऱ्या, उडी मारणाऱ्या किंवा अंगावर झेपावणाऱ्या खेळाडूचे अंतर कॅमेऱ्याने सतत मोजत राहायचे आणि भिंग त्या मापाने सरकवत राहायचे, या पद्धतीला अखंड ऑटोफोकस म्हणतात. कॅननच्या कॅमेऱ्यांवर ती ‘एआय सर्व्हो’ किंवा नुसती ‘सर्व्हो’ म्हणून, तर निकॉन आणि सोनीवर ‘एएफ-सी’ म्हणून सापडते. स्थिर विषयासाठी असलेली ‘वन शॉट’ किंवा ‘एएफ-एस’ पद्धत एकदा फोकस लागला की भिंग तिथेच रोखते. धावपटूसाठी ती निरुपयोगी आहे.

ती का निरुपयोगी, हे थोड्या हिशेबाने लक्षात येते. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग सेकंदाला १२ मीटरच्या वर गेला होता. सेकंदाला १० मीटर धरले, तरी ५० मिलिसेकंदांत खेळाडू अर्धा मीटर पुढे सरकतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत साधारण एवढाच वेळ जातो. दुसरीकडे, फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर, म्हणजे प्रकाशाचे छिद्र खूप मोठे, उघडी ठेवून २० मीटरवरचा खेळाडू टिपला, तर रेखीव दिसणारा पट्टा सगळा मिळून ४० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मोजमाप बिनचूक असले तरी फोटो निघेपर्यंत खेळाडू त्या पट्ट्याबाहेर गेलेला असतो. म्हणून खेळाडू आता कुठे आहे हे कळून पुरत नाही. शटर उघडेल त्या क्षणी तो कुठे असेल, याचे भाकीत कॅमेऱ्याला करावे लागते.

मिनोल्टा ७००० (१९८५) हा कॅमेऱ्यातच ऑटोफोकस असलेला आणि बाजारात खऱ्या अर्थाने चाललेला पहिला एसएलआर, म्हणजे आरसा असलेला कॅमेरा. भाकीत करणारा ऑटोफोकस त्याच घराण्यातल्या ७०००आय या कॅमेऱ्यात १९८८ मध्ये आला. त्याआधीचे छायाचित्रकार अंतिम रेषेवर किंवा एखाद्या अडथळ्यावर फोकस लावून खेळाडूची वाट पाहत, नाहीतर हाताने लेन्सची कडी फिरवत त्याच्या मागे राहत. हाताचे ते कसब फार मोठे होते.

भाकीत शक्य होते ते ‘फेज डिटेक्शन’मुळे. लेन्सच्या दोन विरुद्ध कडांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत, हे त्यात तपासतात. त्यामुळे भिंग पुढे न्यायचे की मागे आणि किती, हे एका मोजणीत समजते. सलग मोजण्या मिळाल्या की वेग काढता येतो. आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र प्रत्येक फोटोला आरसा वर गेला की ऑटोफोकसचा सेन्सर आंधळा होई. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सरच अंतर मोजतो. सोनीच्या ए९ने (२०१७) सेकंदाला २० फोटो काढताना ६० वेळा फोकसची गणना केली, तेव्हा या बदलाची ताकद सर्वांना दिसली.

खेळाडू एकाच वेगाने येत असला तरी भिंगाचे काम एकसारखे राहत नाही. भिंगाला लागणारी गती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. खेळाडू ४० मीटरवरून १० मीटरवर आला की ती सुमारे १६ पट होते. सरळ अंगावर येणाऱ्या धावपटूचे शेवटचे फोटो सुटतात ते यामुळे. बाजूने जाणारा धावपटू याच कारणाने सोपा.

फोटो धूसर आला की दोष थेट ऑटोफोकसवर टाकण्याआधी गवत पाहावे. खेळाडूच्या मागचे गवत रेखीव असेल तर फोकस मागे पडला आहे. पाय ओढल्यासारखे पण जर्सीवरचा आकडा स्वच्छ दिसत असेल, तर शटर मंद होते. सेकंदाच्या हजाराव्या भागातही १० मीटर वेगाचे शरीर एक सेंटिमीटर सरकते आणि हातपाय त्याहून जास्त.

कबड्डीत या सगळ्याची कसोटी लागते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, म्हणजे अंतिम रेषेपासून मध्यरेषा ६.५ मीटरवर. बचाव करणाऱ्या संघाच्या मागे बसल्यास चढाईपटूच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बचावपटूंच्या पाठी येतात आणि फोकस सर्वांत जवळच्या पाठीवर उडी मारतो. अशा वेळी फोकसचे क्षेत्र लहान ठेवावे आणि मध्ये कोणी आले तरी फोकस लगेच सोडू नये, अशा बाजूला ट्रॅकिंगची संवेदनशीलता न्यावी. माझ्या मते चढाईपटूच्याच अंगणामागची जागा जास्त चांगली. चढाईभर त्याची पाठ दिसते खरी, पण पकड झाल्यावर तो मध्यरेषेकडे हात लांबवतो तेव्हा चेहरा समोर येतो. मध्यरेषा ९ मीटरवर धरली, तर २०० मिलिमीटर आणि एफ २.८ ला रेखीव पट्टा जेमतेम ३५ सेंटिमीटरचा मिळतो. ताणलेल्या हाताची बोटे आणि चेहरा दोन्ही त्यात मावत नाहीत. चेहऱ्यावरच फोकस ठेवावा.

डोळा ओळखणाऱ्या प्रणालींनी हे काम सोपे केले आहे. तरी हेल्मेटची जाळी, जलतरणातले उडते पाणी किंवा अडथळा शर्यतीत मध्ये येणारी चौकट त्यांना अजूनही फसवते. उंच उडीच्या आडव्या दांड्यासारखी जागा आधीच ठरलेली असेल, तर आजही अनेक जण दांड्यावर फोकस लावून ऑटोफोकस बंद करतात आणि फक्त क्षणाकडे लक्ष देतात.