कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यातच बसवावा

पावसाळ्यात घट्ट असलेले कुऱ्हाडीचे पाते फेब्रुवारी आला की दांड्यावर डुलू लागते. मग घरोघरचा ठरलेला उपाय होतो: कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची. सकाळी पाते घट्ट, आठवड्याने आधीपेक्षा सैल. पुढच्या खेपेला पाचरीशेजारी खिळा ठोकतात, मग दुसरा, आणि एक दिवस दांडा उभा चिरतो. यात लाकडाचा दोष थोडा आणि वेळेचा जास्त असतो.

लाकूड हवेतली वाफ शोषते आणि सोडते. गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये सावलीत ठेवलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असते. जुलैत हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर टिकली की तेच लाकूड १८ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. हे पाणी पेशींच्या भिंतींत शिरते आणि लाकूड आडव्या बाजूने फुगते. लांबीत मात्र फरक जवळपास नसतो. वाढीच्या कड्यांच्या दिशेने दर टक्का पाण्यामागे साधारण पाव टक्का फुगवटा धरावा. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने तो त्याच्या निम्मा असतो. म्हणजे सात टक्क्यांच्या फरकाने ५० मिलिमीटर लाकूड पाऊण मिलिमीटरहून थोडे जास्त वाढू पाहते.

पण दांडा ज्या भोकात बसतो ते पात्याचे नेढे लोखंडी असते, ते फाकत नाही. फुगायला जागा न मिळालेले लाकूड स्वतःवरच दाबले जाते. आडव्या बाजूने लाकूड एक-दोन टक्के दबले तर परत येते, त्यापुढे पेशी कायमच्या चेपतात. उन्हाळ्यात पाणी गेले की हे चेपलेले लाकूड मूळ मापाहूनही बारीक होते. बादलीत लाकूड पावसाळ्याच्या कितीतरी पुढे, ३० टक्क्यांच्या आसपास भिजते, म्हणून चेपणेही तेवढेच जास्त. एका रात्रीचा घट्टपणा असा पुढच्या सगळ्या उन्हाळ्याच्या हिशेबात वजा होतो.

म्हणून दांडा बसवायचा तो पावसाळ्याआधी, लाकूड कोरडे असते तेव्हा. गोव्यात हा काळ मार्च ते मे, म्हणजे पुरुमेंताची, पावसाळ्यासाठीच्या बेगमीची, तयारी आणि सरपण फोडून रचण्याचे दिवस. ऑगस्टमध्ये कितीही कौशल्याने बसवलेला दांडा जानेवारीत सैल होणारच.

आता जुने पाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालेले असो की आजोबांच्या माळ्यावरचे, आधी त्याला तडा आहे का ते पाहावे. पाते दोरीला टांगून हातोडीने हलके वाजवावे. अखंड पाते घणघणते, तडकलेले थपथपते. खात्रीसाठी नेढ्याभोवती रॉकेल किंवा डिझेल लावून तासभर ठेवावे, पुसून कोरडे करावे आणि खडूची पूड भुरभुरावी. केशाकर्षणाने फटीत शिरलेले तेल पूड वर ओढून घेते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. ही रेघ नेढ्याच्या भिंतीत असेल तर ते पाते भिंतीवर शोभेला लावावे, वापरू नये. माथा हातोडीसारखा वापरून छत्रीसारखा पसरला असेल तर ती कड घासून काढावी, कारण तिचे तुकडे गोळीसारखे उडतात.

जुना दांडा काढण्यासाठी पाते जाळात टाकण्याची पद्धत अजून दिसते. ती टाळावी. पोलादाच्या धारेला लोहाराने पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून थंड करून कठीण केलेले असते. घासलेल्या धारेवर साधारण २२० अंशांना पिवळसर रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. निळा दिसला तर धार मऊ पडली असे समजावे. लाकडाचा निखारा याच्या दुपटीहून अधिक तापलेला असतो. त्याऐवजी दांडा पात्याखाली कापावा, नेढ्यातल्या लाकडात ड्रिलने आठ-दहा भोके पाडावीत आणि उरलेला भाग खालून वर ठोकून काढावा. पाचरीमुळे दांडा वरच्या तोंडाशी फाकलेला असतो, उलट दिशेने तो निघत नाही. आत खिळे असतील तर ड्रिलचे टोक त्यांवर मोडते, तेव्हा आधी ते पक्कडीने उपटावेत.

गंज काढण्याआधी पाते गोड्या पाण्याने धुऊन तारेच्या ब्रशने घासावे. किनाऱ्यालगतच्या, बार्देस-सासष्टीच्या पात्यांसाठी हे फार महत्त्वाचे. समुद्राच्या वाऱ्यातून लोखंडावर बसलेले मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणजे पात्यावर सतत खाऱ्या पाण्याचा थर. मीठ गंजाच्या खड्ड्यांत राहिले तर वरून कितीही चकाकवलेले पाते पहिल्या पावसात पुन्हा लाल होते.

मग व्हिनेगर. माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, घरगुती चालतो, बाजारातलाही. दोन्हींत साधारण ४ टक्के अॅसेटिक आम्ल असते. पाते पूर्ण बुडेल इतका घ्यावा, अर्धवट बुडाले तर पृष्ठभागाच्या रेषेवर खोल चर पडतो. १२ तासांनी काढून ब्रश मारावा, गरज पडली तर आणखी १२ तास. दोन दिवस विसरले तर आम्ल गंजाखालचे चांगले लोखंडही खाऊ लागते. बाहेर काढताच लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात धुवावे, लगेच पुसून उन्हात कोरडे करावे आणि तेल लावावे. या कामात दहा मिनिटांचा आळस केला तर नारिंगी गंजाचा नवा थर चढतो.

या आम्लस्नानाचा एक फायदा मला गंज जाण्याहून मोलाचा वाटतो. जुन्या लोहारी पात्यांत पुष्कळदा मऊ लोखंडाच्या घडीत पोलादाची पट्टी जोडून धार केलेली असते. आम्लात कठीण पोलाद जास्त काळवंडते, मऊ भाग राखाडी राहतो, आणि दोहोंमधली सीमा स्पष्ट दिसते. ती धारेपासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे असेल तर पात्यात अजून बरीच वर्षे आहेत. पाच मिलिमीटरच उरले असेल तर पाते संपत आले. नवा दांडा करण्याचे श्रम त्यावर घालू नयेत.

धार कानशीने करावी, विजेच्या सहाणेवर नाही. तिथे पातळ कडेला निळा रंग चढायला दोन सेकंद पुरतात. चपट्या कानशीने धारेवर किंचित पकड घेतली पाहिजे. नुसती घसरली तर पोलाद जास्त कठीण आहे आणि धारेचे टवके उडतील; लोण्यासारखी कापत गेली तर पाणी उतरले आहे आणि पाते लोहाराकडे जायला हवे. दोन्ही बाजू मिळून ३० ते ३५ अंशांचा, किंचित फुगीर कोन ठेवावा. २० अंशांची धार हाताला छान लागते, पण किंदळ या झाडाच्या वाळलेल्या लाकडातल्या गाठीवर दुमडते. माडाच्या खोडासाठी धार लावायचा निसणा जवळ ठेवावाच. त्या लाकडात सिलिकाचे कण असतात, धार बघता बघता बोथट होते.

दांड्यासाठी पहिली पसंती धामणीच्या लाकडाला. ते चिवट आहे, वाकून परत येते आणि धक्का सहन करते. बाभूळ, चिंच, पेरू हेही चालतात. साग टिकाऊ आणि मापाला पक्का, पण धक्क्याला कमी पडतो. दारे-खिडक्यांचे लाकूड दांड्याला आणू नये. झाड तोडण्याचा विचार असेल तर गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. छाटलेली जाड फांदी किंवा वखारीतला तुकडा यांवर काम भागते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण खरी करायची गरज नाही.

तुकडा करवतीने कापण्यापेक्षा फोडून घ्यावा. फोडताना चीर तंतूंच्या वाटेनेच जाते, करवत मात्र तंतू तिरके कापते आणि दांडा पुढे त्याच तिरक्या रेषेवर मोडतो. समशीतोष्ण देशांतल्या लाकडात वाढीच्या कड्या पाहून दिशा ठरवतात; आपल्याकडच्या पुष्कळ झाडांत त्या अस्पष्ट असतात, म्हणून फोडणे हीच भरवशाची परीक्षा. टोकांना मेण किंवा रंग लावून तुकडे सावलीत ठेवावेत. टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जाते आणि तिथेच लाकूड चिरते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे. सलग तीन आठवडे ते घटले नाही की लाकूड तयार. सालीजवळच्या फिकट लाकडातल्या पिठुळ अंशावर भुंगेरे येतात, ते तासून टाकलेले बरे.

एका हाताच्या कुऱ्हाडीला ३५ ते ४० सेंटिमीटर, दोन्ही हातांच्या कुऱ्हाडीला ७० ते ८० सेंटिमीटर लांबी पुरते. नेढ्यात जाणारे टोक रंधा-कानशीने हळूहळू उतरवावे. नेढ्याच्या आतून तेलात कालवलेली काजळी लावून दांडा आत घालून काढला की जिथे काळे लागले तिथेच घासायचे. हे दहा-पंधरा वेळा होते, आणि व्हायलाच हवे. घाईने तासलेल्या दांड्यात उरलेल्या पोकळ्या कोणतीही पाचर भरत नाही.

टोकाला नेढ्याच्या लांबट बाजूने, खोलीच्या दोन तृतीयांशापर्यंत, करवतीची फट घ्यावी. मग दांडा उभा धरून पाते खाली लोंबकळत ठेवावे आणि दांड्याच्या वर आलेल्या बुडावर लाकडी हातोडा मारावा. पाते दांड्यावरून वर चढत जाते. पाहणाऱ्याला हे उफराटे वाटते, पण जड पाते जडत्वाने जागेवर राहते आणि दांडाच त्यात शिरतो. पाते सरकणे थांबले आणि वर पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरले की पाचर. ती दांड्याच्याच लाकडाची, पाच-सहा अंशांची, चार दिवस कडक उन्हात वाळवलेली असावी. दांड्याहून ओली पाचर पुढे जास्त आकसते. तिला तेल लावू नये, निसटते. वरचे उरलेले लाकूड कापू नये. तेच फाकून पात्याला अडवते. पुढच्या उन्हाळ्यात पाचरीवर एक-दोन ठोके दिले की चेपलेल्या लाकडाची थोडी भरपाई होते.

काही गावठी कुऱ्हाडींचे नेढे कुदळीसारखे वर रुंद, खाली अरुंद असते. तिथे पाचर लागत नाही. दांडा वरून सरकवतात, प्रत्येक घावासरशी तो घट्ट होतो. अशा नेढ्यात पाचरीचा दांडा घालणे चूक.

शेवटी तेल. खोबरेल लावू नये, ते वाळतच नाही, तेलकट राहते आणि धूळ धरते. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट थर बनवते. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसावे, दिवसाआड असे तीन-चार हात. त्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती दोरीवर पसरून वाळवावी. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांच्या लाकडाला लावतात म्हणून दांड्यालाही लावायचा मोह होतो, पण त्यातल्या आम्लाने तळहात भाजतात. खोबरेल उरलेच असेल तर पात्याला लावावे, लोखंडावर ते चांगले काम करते. कुऱ्हाड चुलीवर टांगू नये आणि जमिनीवर टेकवूनही ठेवू नये. पडवीतल्या भिंतीवर, उन्हापावसापासून दूर, ती जूनपासून गणेश चवथीपर्यंत निवांत राहते.