अतिवृद्धांमधील डायलिसिस : पद्धतींची तुलना

वयाच्या ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, तर रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि साठलेले पाणी काढण्यासाठी हिमोडायलिसिस (रक्त बाहेर घेऊन यंत्रातून गाळून परत सोडणे) किंवा पेरिटोनियल डायलिसिस (पोटात द्रावण सोडून पोटातील पडद्यातून गाळणे) करता येते. डायलिसिस न करता औषधे, आहार आणि लक्षणांवरील उपचार चालू ठेवणे हाही वैद्यकीयदृष्ट्या मान्य असलेला मार्ग आहे. या वयात मूत्रपिंड प्रत्यारोपण क्वचितच होते, त्यामुळे सुरू झालेले डायलिसिस बहुधा अखेरपर्यंत चालते. म्हणूनच आयुष्य किती वाढेल याच्याइतकाच दुसरा प्रश्नही मोलाचा ठरतो : वाढलेल्या दिवसांपैकी किती दिवस रुग्णाच्या वाट्याला येतील?

विलेम कॉल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडामुळे १९४५ साली नेदरलँड्समध्ये वाचलेली पहिली रुग्ण ६७ वर्षांची होती. पुढे १९६०च्या दशकात यंत्रे अपुरी पडत असताना अमेरिकेतील सिएटलमध्ये रुग्णांची निवड समितीमार्फत होऊ लागली आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना वगळण्यात आले. वयाची अशी अट आता राहिलेली नाही.

हिमोडायलिसिस सहसा केंद्रात, आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी सुमारे चार तास चालते. सगळे काम परिचारिका आणि तंत्रज्ञ करतात. रुग्णाला काही शिकावे लागत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला त्या निमित्ताने सोबतही मिळते. अडचण वेगळीच आहे. दोन-तीन दिवसांत साठलेले पाणी चार तासांत ओढून काढले जाते. कडक झालेल्या रक्तवाहिन्या आणि थकलेले हृदय यांना हा वेग झेपत नाही. रक्तदाब घसरतो, पायात गोळे येतात, हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी होतो. यंत्र सुटल्यावर वृद्ध रुग्ण एकदम उठला तर भोवळ येऊन पडू शकतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे फार महागात पडते. त्यामुळे त्याला आधी खाटेच्या काठावर बसवून, मग उभे करून रक्तदाब पाहणे फार गरजेचे असते. त्यानंतरचा थकवा काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतो. पाणी सावकाश काढणे, वेळ वाढवणे, यंत्रातील द्रावणाचे तापमान थोडे कमी ठेवणे यांनी त्रास कमी होतो.

रक्त बाहेर घेण्याच्या वाटेचाही प्रश्न असतो. हातावरील फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर, तयार व्हायला आठवडे ते महिने लागतात आणि वृद्धांच्या बारीक, कठीण शिरांत तो बरेचदा तयारच होत नाही. मानेतील कॅथेटर (शिरेत घातलेली नळी) लगेच वापरता येतो, मात्र त्यातून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका जास्त. तरीही आयुर्मर्यादा थोडी असेल, तर फिस्टुलासाठी वारंवार शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरू नये.

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटातील पडदाच गाळणीचे काम करतो. साधारण दोन लिटर द्रावण पोटात सोडून काही तासांनी काढतात. हाताने केल्यास दिवसातून बहुधा चार वेळा, यंत्राने केल्यास रात्री झोपेत. पाणी हळूहळू निघत असल्याने रक्तदाब सांभाळला जातो आणि केंद्रात फेऱ्या माराव्या लागत नाहीत. पण थरथरणारे हात, मंद दृष्टी किंवा विसरभोळेपणा असेल, तर पिशवी निर्जंतुकपणे जोडणे अवघड होते आणि चूक झाल्यास पोटाच्या पडद्याला संसर्ग होतो. द्रावणाबरोबर प्रथिनेही जातात. फ्रान्समध्ये परिचारिका घरी जाऊन हे काम करतात, त्यामुळे तेथे अनेक वृद्धांना ही पद्धत वापरता येते. असा आधार नसेल तर सगळा भार घरच्या एखाद्या व्यक्तीवर पडतो, आणि निवड करताना तिचे म्हणणेही विचारले पाहिजे.

जगण्याच्या कालावधीत दोहोंपैकी कोणती सरस, हे ठामपणे सांगता येत नाही. तुलना मुख्यतः नोंदवह्यांवरून झाली आहे, आणि कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत दिली गेली यावरच निष्कर्ष बदलतो. ब्रिटनमधील २०१० च्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील १४० रुग्ण होते. पेरिटोनियल डायलिसिसवरील रुग्णांना आजाराची दैनंदिन जीवनातील लुडबुड कमी जाणवली. २०२३ च्या ‘कन्व्हिन्स’ चाचणीत हिमोडायफिल्ट्रेशनने (हिमोडायलिसिसचाच, जास्त द्रव गाळून काढणारा प्रकार) नेहमीच्या हिमोडायलिसिसपेक्षा मृत्यू कमी झाले, पण तिच्यातील रुग्णांचे सरासरी वय साठीच्या थोडे पुढे होते. तो निष्कर्ष दुर्बल नव्वदीतल्या माणसाला जसाच्या तसा लावणे धाडसाचे आहे.

दुर्बलता वयापेक्षा अधिक सांगून जाते. अमेरिकेत निवासी शुश्रूषा केंद्रांत राहणाऱ्या ३,७०२ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू केल्यापासून वर्षभरात ५८ टक्के मरण पावले आणि अवघ्या १३ टक्क्यांची दैनंदिन कामांची क्षमता पूर्वीइतकी टिकली. ब्रिटनमधील २००७ च्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या, अनेक आजार असलेल्या, विशेषतः हृदयविकारग्रस्त रुग्णांना डायलिसिसने जास्त आयुष्य मिळाल्याचे दिसले नाही. उलट इतर आजार नसलेला, हिंडता-फिरता ऐंशीचा रुग्ण डायलिसिसवर काही वर्षे चांगली काढू शकतो.

सुरुवातीची घाई करू नये, याला आधार आहे : २०१० च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही. लघवी होत असेल तर आठवड्यातून दोन वेळा हिमोडायलिसिस किंवा दिवसाला कमी पिशव्या एवढ्यावर काही काळ भागते. निर्णय होत नसेल तेव्हा ठरावीक मुदतीसाठी डायलिसिस करून पाहतात. मुदत संपल्यावर चालू ठेवायचे की थांबवायचे हे रुग्णाच्या इच्छेने ठरते, आणि थांबवल्यास धाप, खाज व मळमळ यांवरील उपचार सुरूच राहतात.